अमिबाच्या पेशीत मुक्कामाला आलेले जीवाणू

केरळमध्ये २०२४ आणि २०२५ या वर्षांत 'मेंदू खाणाऱ्या अमिबा'मुळे झालेल्या मृत्यूंच्या बातम्या देशभर पसरल्या आणि शाळेच्या पुस्तकातील एका आकृतीपुरता ठाऊक असलेला हा एकपेशीय जीव एकाएकी घरोघरी चर्चेचा विषय झाला. त्या बातम्यांतील अमिबाचे नाव नेग्लेरिया फाउलेरी. त्याच्यापासून घ्यावयाच्या काळजीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या लेखाचा विषय त्याहून वेगळा आहे. तळ्यातील, मातीतील आणि इमारतींच्या पाण्याच्या टाक्यांतील अमिबा जीवाणू खाऊन जगतात, हे जीवशास्त्राचे विद्यार्थी सुरुवातीलाच शिकतात. पण काही जीवाणू खाल्ले गेल्यावरही मरत नाहीत. अमिबाच्या पेशीतच राहतात, वाढतात, अमिबाचे विभाजन झाले की दोन्ही कन्यापेशींत वाटले जातात, आणि काही बाबतीत तर त्यांच्यावाचून अमिबालाच जगता येत नाही, अशी स्थिती येते.

हा प्रकार सूक्ष्मदर्शकाखालचे एक कुतूहल म्हणून सोडून देण्यासारखा नाही, असे मला मनापासून वाटते. आपल्या प्रत्येक पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका आणि झाडांच्या पानांतील हरितलवके ही दोन्ही एके काळी स्वतंत्रपणे जगणारे जीवाणू होती, हे आज विज्ञानाने स्वीकारले आहे. खाद्य म्हणून किंवा शत्रू म्हणून आत आलेला जीव पेशीचा घटक कसा होतो, याची सुरुवातीची पावले प्रत्यक्ष पाहायची असतील, तर अमिबाइतकी सोयीची जागा दुसरी क्वचितच सापडेल.

अमिबा खातो कसा

शेवाळलेल्या तळ्याच्या काठचा कुजका पाला पिळून निघालेला पाण्याचा थेंब काचपट्टीवर घेतला आणि शाळेतील साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धीर धरून पाहिला, तर कधी ना कधी अमिबा दिसतोच. करड्या रंगाचा, कणीदार, कडेला मात्र काचेसारखा पारदर्शक असा तो एक थेंबच वाटतो. पण थोडा वेळ नजर स्थिर ठेवली की आतील कण एका दिशेने वाहू लागतात, त्या बाजूची कड पुढे सरकते आणि मागचा भाग आक्रसत तिच्यामागून ओढला जातो. पुढे आलेल्या या भागाला छद्मपाद म्हणतात. अमिबा प्रोटियस ही पाठ्यपुस्तकांतील जाती चांगली मोठी, म्हणजे पूर्ण वाढ झाल्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरते, आणि तीक्ष्ण नजरेच्या माणसाला ती सूक्ष्मदर्शकावाचूनही पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसते. येथे एक खुलासा केला पाहिजे. 'अमिबा' हे एका कुळाचे नाव नसून आकार बदलत सरपटणाऱ्या पेशींच्या राहणीचे नाव आहे. नेग्लेरिया, अमिबा प्रोटियस आणि पुढे येणारा पाउलिनेला यांचे परस्परांशी असलेले नाते फारच दूरचे आहे.

भक्ष्य जवळ आले की अमिबा त्याला छद्मपादांनी चहूबाजूंनी वेढतो आणि स्वतःच्या बाह्य आवरणाचाच एक तुकडा आत वळवून त्याची पिशवी करतो. ही अन्नरिक्तिका होय. पेशीत लयकारिका नावाच्या आणखी काही बारीक पिशव्या असतात व त्यांत पाचक विकरे साठवलेली असतात. लयकारिका अन्नरिक्तिकेला येऊन मिळतात, आतील द्रव आम्लधर्मी होतो आणि भक्ष्य विरघळून जाते. साध्या जीवाणूचा शेवट अशा रीतीने थोड्या काळात होतो.

ज्या जीवाणूंना आत तग धरायचा आहे, त्यांना या साखळीत कोठे तरी अडथळा आणावा लागतो. काही जीवाणू लयकारिकांना आपल्या पिशवीशी जुळूच देत नाहीत. काही पिशवी फोडून पेशीद्रव्यात निसटतात. काहींचे कवचच असे असते की आम्लाने त्यांचे फारसे बिघडत नाही. एकदा का हा टप्पा पार पडला, की तीच पिशवी त्यांना सुरक्षित निवारा ठरते, कारण बाहेर दुसरे भक्षक आहेत, दुष्काळ आहे, कोरडेपणा आहे, आणि आत पोषक द्रव्यांनी भरलेली पेशी आहे. एका जीवाच्या पेशीत दुसऱ्या जीवाने पिढ्यानपिढ्या राहणे याला अंतःसहजीवन म्हणतात. त्यात दोघांचाही लाभ असलाच पाहिजे अशी अट नाही, हे मनात ठेवावे, कारण बहुतेक गैरसमज तेथूनच सुरू होतात.

बफेलो येथे १९६६ साली काय घडले

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो येथील विद्यापीठात त्या काळी अमिबावर शस्त्रक्रिया करणाऱ्या संशोधकांचा एक गट काम करत होता. शस्त्रक्रिया हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा. जेम्स डॅनिएली, जोन लॉर्च आणि मूळचे कोरियाचे असलेले क्वांग जिऑन हे अतिसूक्ष्म काचेच्या सुयांनी एका अमिबाचे केंद्रक काढून दुसऱ्यात बसवत असत. पुढे १९७० साली त्यांनी एका अमिबाचे आवरण, दुसऱ्याचे पेशीद्रव्य आणि तिसऱ्याचे केंद्रक घेऊन जिवंत अमिबा जुळवूनही दाखवला. अशा कामासाठी निरोगी अमिबांचे वाण सतत जोपासावे लागतात. त्यांतील 'डी' या नावाच्या वाणात १९६६ साली आपोआप एक साथ शिरली.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहता प्रत्येक आजारी अमिबाच्या पेशीत दांडीच्या आकाराचे जीवाणू भरलेले आढळले, आणि त्यांची संख्या एकेका अमिबामागे एक लाखाच्या घरात होती. बहुतेक अमिबा मेले. जे वाचले ते आकाराने लहान राहिले, सावकाश वाढू लागले, जरा उपासमार झाली की दगावू लागले. कोणत्याही प्रयोगशाळेत अशा वेळी दूषित वाण फेकून देऊन स्वच्छ वाण नव्याने वाढवले जाते, आणि तसे करण्यात गैर काहीच नसते. जिऑन यांनी मात्र वाचलेल्या अमिबांना जपले. टेट्राहायमेना नावाचे दुसरे एकपेशीय जीव स्वच्छ धुऊन त्यांना खाऊ घालायचे, पाणी बदलायचे, मेलेले वेगळे करायचे, हे काम महिनोन्‌महिने चालले. १९६७ साली जिऑन आणि लॉर्च यांनी या संसर्गाविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. तंतुकणिका व हरितलवके हे मूळचे जीवाणूच आहेत, असे मांडणारा लिन मार्ग्युलिस यांचा निबंध, अनेक नियतकालिकांनी नाकारल्यानंतर, प्रसिद्ध झाला तोही त्याच वर्षी. दोन्ही कामे परस्परांपासून स्वतंत्रपणे चालू होती. पण एकीकडे अब्जावधी वर्षांपूर्वी काय घडले असावे याचा तर्क मांडला जात होता आणि दुसरीकडे तसेच काही काचेच्या बशीत डोळ्यांदेखत घडू लागले होते.

पुढे जिऑन टेनेसी विद्यापीठात गेले आणि हे अमिबाही त्यांच्या देखरेखीखालीच राहिले. हळूहळू अमिबांची प्रकृती सुधारली, वाढीचा वेग पूर्ववत होऊ लागला, आणि पेशीतील जीवाणूंची संख्या उतरून सुमारे ४२ हजारांवर स्थिरावली. जीवाणू मेले नव्हते, हाकललेही गेले नव्हते. ते आपापल्या पिशव्यांत होते, लयकारिका त्या पिशव्यांना जुळत नव्हत्या, आणि अमिबाच्या प्रत्येक विभाजनाबरोबर जीवाणूही विभागून पुढच्या पिढीत जात होते. संशोधकांनी त्यांना ओळख पटेपर्यंत 'क्ष' जीवाणू असे नाव दिले.

अमिबाला त्यांची गरज आहे, हे सिद्ध कसे झाले

दोन जीव एकत्र नांदतात, एवढ्यावरून एकाला दुसऱ्याची गरज आहे असे म्हणता येत नाही. ती गरज तपासण्याचे दोन मार्ग होते. पहिला मार्ग जीवाणू मारून पाहण्याचा: विशिष्ट प्रतिजैविकांनी किंवा तापमान काही अंशांनी वाढवून जीवाणू नष्ट केले की त्यांच्यापाठोपाठ हे अमिबाही मरत. मात्र यावर कोणीही हरकत घेऊ शकतो की औषधानेच किंवा उष्णतेनेच अमिबा मेले असतील.

दुसरा मार्ग या गटालाच शक्य होता, कारण केंद्रक बदलण्याचे कसब त्यांच्या हातात होते. जीवाणूधारी अमिबाचे केंद्रक काढून ते ज्याला कधीच संसर्ग झाला नव्हता अशा जुन्या 'डी' अमिबाच्या पेशीद्रव्यात बसवले गेले. दोघे एकाच वाणाचे वंशज, म्हणजे ही अदलाबदल निर्धोक व्हायला हवी होती. पूर्वी 'डी'चे केंद्रक 'डी'मध्येच बसवले असता बहुसंख्य अमिबा जगत असत. या वेळी मात्र ते जगले नाहीत. मग अशाच जुळवलेल्या, मरणपंथाला लागलेल्या अमिबांत सुईने 'क्ष' जीवाणू सोडण्यात आले, आणि ते तगले. याचा अर्थ असा की त्या केंद्रकात काही तरी कायमचे बदलले होते. जीवाणू सोबत असतील तरच ते केंद्रक पेशीचा कारभार चालवू शकत होते. हे अवलंबित्व साधारण २०० पिढ्यांत, म्हणजे सुमारे दीड वर्षात, तयार झाले होते. नंतर निरोगी 'डी' अमिबांत मुद्दाम जीवाणू सोडून पाहिले असता तेही कालांतराने असेच अवलंबून राहू लागले, त्यामुळे हा एखाद्या विक्षिप्त पेशीपुरता प्रकार नव्हता.

जीवाणूंचेही स्वातंत्र्य गेले होते. अमिबाबाहेर, पोषक माध्यमात, ते वाढेनात. ते कोण, हे कळायला मात्र बराच काळ जावा लागला. २००४ साली त्यांच्या जनुकीय क्रमावरून ते लिजिओनेला या गटातील असल्याचे स्पष्ट झाले आणि जिऑन यांच्या नावावरून त्यांना लिजिओनेला जिओनाय हे नाव सुचवण्यात आले. लिजिओनेला हा गट माणसाच्या न्यूमोनियाशी संबंधित आहे. त्याकडे पुढे येऊच.

गरज निर्माण झाली म्हणजे फायदा झाला का

येथे बहुतेक वाचक विचारतात, की जीवाणूंनी अमिबाला असे काय दिले, ज्यामुळे तो त्यांच्यावाचून जगेना? हा प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे. गरज म्हणजे लाभ, असे आपण नकळत धरून चालतो.

घरात मिक्सर आला, काही वर्षांनी पाटा-वरवंटा अडगळ म्हणून देऊन टाकला, वरवंट्याने वाटण्याची हातांची सवयही गेली, आणि आता वीज गेली की चटणी होत नाही, असे अनेक घरांत झाले आहे. मिक्सरमधील चटणी पाट्यावरच्या चटणीपेक्षा सरस असते असे कोणी म्हणणार नाही. पण परत फिरण्याची वाट बंद झालेली असते. अमिबाच्या बाबतीत याच्याशी मिळतेजुळते काही घडले असावे. जीवाणूंच्या सान्निध्यात अमिबाचे एखादे जनुक मिटले, तरी त्या अमिबाला त्याचा तोटा जाणवत नाही, कारण ते काम आता दुसऱ्या मार्गाने होते. जनुक मिटलेले अमिबा इतरांइतकेच वाढतात, आणि काही पिढ्यांनंतर जीवाणूंवाचून जगण्याची साधनेच शिल्लक राहत नाहीत. जीवाणूधारी अमिबा मूळ 'डी' अमिबापेक्षा काही बाबतीत दुबळेच होते. उपासमार आणि उष्णता त्यांना अधिक बाधत असे. म्हणजे अवलंबित्व पूर्ण होते आणि लाभ मात्र दाखवता येत नव्हता.

अशा एका बदलाचा माग संशोधकांना लागला. पेशीतील अनेक रासायनिक क्रियांसाठी लागणारे एक महत्त्वाचे संयुग तयार करणारे विकर अमिबा आपल्या एका जनुकाच्या आधारे बनवतो. जीवाणूधारी अमिबांत हे नेहमीचे जनुक गप्प झाले असून त्याऐवजी त्याच प्रकारचे दुसरे जनुक काम करू लागले आहे, असे दिसून आले. या एका अदलाबदलीने सगळे अवलंबित्व उलगडत नाही. पण आत राहणारा जीवाणू यजमानाच्या जनुकांच्या कारभारात हात घालू शकतो, आणि तो बदल मागे फिरत नाही, एवढे त्यातून निश्चित झाले.

हा केवळ प्रयोगशाळेतील अपघात नव्हे का

बशीत वाढवलेल्या, पोसलेल्या, शत्रूंपासून जपलेल्या अमिबांवरून निसर्गाविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे, ही हरकत वजनदार आहे. म्हणून निसर्गातून गोळा केलेल्या अमिबांकडे वळू.

अ‍ॅकँथअमिबा हा माती, धूळ, नळाचे पाणी, जलतरण तलाव अशा बहुतेक ठिकाणी सापडणारा लहान अमिबा आहे. निरनिराळ्या ठिकाणांहून मिळवलेल्या अ‍ॅकँथअमिबांची तपासणी १९९०च्या दशकात झाली तेव्हा त्यांतील जवळजवळ चौथ्या हिश्श्यात पेशीच्या आत स्थायिक जीवाणू आढळले. त्यांत क्लॅमिडिया गटाचे जीवाणू आहेत. माणसाला डोळ्यांचे व जननेंद्रियांचे रोग देणाऱ्या क्लॅमिडियाचे हे दूरचे भाऊबंद. या गटापाशी एक असे प्रथिन आहे, जे यजमानाच्या पेशीतील ऊर्जावाहक रेणू आयते ओढून घेते आणि रिकामे झालेले रेणू परत करते. ऑस्ट्रियातील मथियास हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली अमिबातील अशा एका जीवाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचला. पेशीत राहण्याची क्लॅमिडियाची कला माणूसच काय, प्राणीसृष्टीही नसताना, एकपेशीय यजमानांत विकसित झाली असावी, या मताला त्यातून बळ मिळाले.

दुसरे उदाहरण जंगलाच्या मातीतील डिक्टिओस्टेलियम या सामाजिक अमिबाचे आहे. अन्न असेपर्यंत हे अमिबा एकएकटे जीवाणू खात हिंडतात. अन्न संपले की हजारोंच्या संख्येने एकत्र येतात, गोगलगाईसारखा सरपटणारा एक पुंजका तयार करतात, आणि शेवटी त्यांतील सुमारे पाचवा हिस्सा मरून देठ होतो व उरलेले त्या देठाच्या टोकावर बीजाणू होऊन वाऱ्या-किड्यांबरोबर पसरतात. अमेरिकेतील डेब्रा ब्रॉक, जोन स्ट्रासमन आणि डेव्हिड क्वेलर यांनी २०११ साली दाखवले की रानातून आणलेल्या वाणांपैकी सुमारे एक तृतीयांश वाण सगळे जीवाणू खाऊन संपवत नाहीत. काही उरवतात, बीजाणूंबरोबर पुढे नेतात आणि नव्या जागी त्यांची पैदास होऊ देतात. पुढील अभ्यासात या वागण्यामागे पॅराबुर्खोल्डेरिया हे आणखी एक जीवाणू असल्याचे आढळले. ते अमिबाच्या पेशींत व बीजाणूंत शिरतात, आणि त्यांच्यामुळेच खाद्य-जीवाणूही पचनातून वाचून सोबत जातात.

हिशेब येथे परिस्थितीवर ठरतो. जेथे बीजाणू पडले तेथे खाण्याजोगे जीवाणू नसतील, तर सोबतची शिदोरी जीव वाचवते. तेथे अन्न मुबलक असेल, तर शिदोरी वाहणारे अमिबा इतरांच्या मागे पडतात. एकच जीवाणू एका मातीत मित्र आणि दुसऱ्या मातीत ओझे ठरतो. म्हणून 'हा जीवाणू उपकारक की अपायकारक' हा प्रश्न त्या जीवाणूपुरता विचारून भागत नाही. कोणत्या यजमानात, कोणत्या जागी आणि संबंध किती जुना झाल्यावर, हेही विचारावे लागते.

दहा कोटी वर्षे असेच चालले तर काय होते

जर्मनीचे रॉबर्ट लाउटरबोर्न यांना ऱ्हाइन नदीच्या जुन्या पात्रातील गाळात एक लहानसा, कवचधारी अमिबा सापडला आणि १८९५ साली त्यांनी त्याचे वर्णन पाउलिनेला क्रोमॅटोफोरा या नावाने प्रसिद्ध केले. त्याच्या पेशीत निळसर हिरव्या रंगाचे, किंचित वाकलेले दोन लांबट भाग असतात. अमिबाचे विभाजन झाले की एकेक भाग एकेका कन्यापेशीकडे जातो आणि मग तो स्वतः विभागून पुन्हा दोन होतात. हा अमिबा काही पकडून खात नाही. ते दोन भाग सूर्यप्रकाशात प्रकाशसंश्लेषण करून त्याला पोसतात. ते मूळचे सहजीवी असावेत, असा अंदाज खुद्द लाउटरबोर्न यांनीच बांधला होता.

आज त्याचे तपशील हाती आहेत. हे भाग नीलहरित जीवाणूंचे वंशज आहेत. ते साधारण दहा कोटी वर्षांपूर्वी एका अमिबाने गिळले आणि पचवले नाहीत. झाडांच्या हरितलवकांचे पूर्वज याहून कितीतरी आधी, एका वेगळ्या पेशीत शिरले होते. पाउलिनेला ही त्याच घटनेची स्वतंत्र पुनरावृत्ती आहे. २००८ साली या भागांचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा त्यात प्रथिने बनवणारी ८६७ जनुके निघाली, म्हणजे मोकळेपणी जगणाऱ्या त्यांच्या नातलगांच्या जेमतेम तिसरा हिस्सा. जी जनुके गेली त्यांतील कित्येक कायमची गेली, काही डझन यजमानाच्या केंद्रकात जाऊन बसली, आणि अमिबाच्या पेशीद्रव्यात तयार होणारी शेकडो प्रथिने आता त्या भागांच्या आत पोहोचवली जातात.

ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. आतील जीवाणू स्वतःची प्रथिने स्वतःच बनवतो तोवर त्याला सहजीवी म्हणता येते; यजमान त्याच्यासाठी प्रथिने बनवून आत पाठवू लागला, त्याच्या वाढीचा व विभाजनाचा वेग यजमान ठरवू लागला, की तो पेशीचा घटक झाला असे बहुतेक जीवशास्त्रज्ञ मानतात. जिऑन यांचे 'क्ष' जीवाणू या रेषेच्या अलीकडे आहेत, पाउलिनेलातील भाग पलीकडे. २०२४ साली एका सागरी शैवालातील, हवेतील नायट्रोजन स्थिर करणारा जीवाणू याच कसोटीवर पेशीचा घटक ठरवला गेला, आणि त्या शोधाची बरीच चर्चा झाली.

तंतुकणिकांविषयी इतके खात्रीने कसे सांगता

अमिबात दीड वर्षात अवलंबित्व आले, म्हणून दीड अब्ज वर्षांहून जुन्या तंतुकणिकाही तशाच आल्या, असे म्हणणे घाईचे होईल, अशी शंका कोणी घेतली तर ती योग्यच आहे. अमिबाचा प्रयोग तंतुकणिकांचा पुरावा नव्हे. तो पुरावा तंतुकणिकांतच आहे: त्यांना स्वतःचा वेगळा डीएनए आहे, बहुतेकदा तो जीवाणूंच्या डीएनएसारखा वर्तुळाकार असतो, त्यांच्याभोवती दुहेरी आवरण असते, त्या स्वतः विभागून वाढतात, आणि जनुकांच्या तुलनेत त्यांचे नाते जीवाणूंच्या एका ठरावीक शाखेशी जुळते. अमिबाच्या प्रयोगाने एक वेगळा आक्षेप दूर केला. दोन इतके भिन्न जीव एका पेशीत टिकूच शकणार नाहीत, एक तर यजमान मरेल किंवा पाहुणा पचेल, असे जे म्हटले जात असे, ते येथे प्रत्यक्षातच खोटे ठरले. जे मारायला आले होते, त्यांच्याच वंशजांवाचून जगता येईना, ही वाट शक्य आहे आणि ती फार लांबही नाही, एवढे त्यातून कळते.

माणसाच्या फुप्फुसाशी याचा काय संबंध

फिलाडेल्फिया येथील एका हॉटेलात १९७६च्या जुलै महिन्यात अमेरिकन लिजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले होते. त्यानंतर न्यूमोनियासारख्या आजाराची साथ पसरली आणि संघटनेच्या सदस्यांपैकी २९ जण दगावले. कारण सापडायला सहा महिने लागले. जोसेफ मॅकडेड यांनी शोधलेल्या त्या जीवाणूला पुढे लिजिओनेला न्यूमोफिला हे नाव पडले. हा जीवाणू सहसा माणसाकडून माणसाकडे जात नाही. मग तो फुप्फुसातील भक्षक पेशींच्या आत राहण्याइतका तरबेज कोठे झाला?

याचे उत्तर इंग्लंडमधील टिमथी रोबॉथम यांनी १९८० साली दिले. लिजिओनेला पाण्यातील अमिबांच्या आत वाढतो, असे त्यांनी दाखवले. आपल्या फुप्फुसातील भक्षक पेशी जीवाणूंना जवळजवळ अमिबाच्याच पद्धतीने वेढून, पिशवीत घेऊन, लयकारिकांच्या मदतीने पचवतात. त्यामुळे अमिबाला चकवण्यासाठी कमावलेली साधने येथेही जशीच्या तशी चालतात. लिजिओनेला आपल्या पिशवीतून यजमान पेशीत तीनशेहून अधिक प्रकारची प्रथिने सोडतो. ती लयकारिकांना दूर ठेवतात आणि पेशीतील इतर पडदे ओढून आणून पिशवीभोवती लपेटतात. माणूस हा या जीवाणूचा मुक्कामाचा यजमान नाही, तो वाटेत चुकून लागलेला थांबा आहे. जाता जाता एक सांगतो: रोबॉथम यांना १९९२ साली ब्रॅडफर्ड येथील एका कूलिंग टॉवरच्या पाण्यातील अमिबात जे जीवाणूसदृश काही सापडले होते, तो जीवाणू नसून एक महाकाय विषाणू आहे, हे २००३ साली सिद्ध झाले. अमिबाच्या पोटात अजून पाहण्यासारखे बरेच आहे.

पाण्यात क्लोरीन असतेच, मग काळजी कशाची

मोकळ्या पाण्यात पोहणाऱ्या जीवाणूंसाठी क्लोरीन प्रभावी आहे आणि पिण्याच्या पाण्यात ते असलेच पाहिजे, यात वाद नाही. भारतीय मानकांनुसार त्याचे प्रमाण लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम राखले जाते. पण परिस्थिती प्रतिकूल झाली की अ‍ॅकँथअमिबा स्वतःभोवती दुहेरी भिंतीची पुटी तयार करून निपचित पडतो, आणि अशा पुटीत दडलेले लिजिओनेला लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीनच्या माऱ्यातूनही वाचल्याचे १९९० साली प्रयोगाने दिसून आले. पाण्याच्या नमुन्यात जीवाणू नाहीत म्हणजे यंत्रणा निर्धोक आहे, असा निष्कर्ष म्हणूनच पुरेसा ठरत नाही. अमिबा ज्यावर पोसतात तो टाक्या व नळांच्या आतील बुळबुळीत थर खरवडून काढणे, गरम पाण्याची साठवण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवणे, आणि न वापरलेल्या नळांतून साचलेले पाणी वाहू देणे हे उपाय क्लोरीनच्या जोडीला लागतात. मुंबई-पुण्यातील मोठी रुग्णालये, हॉटेले आणि कूलिंग टॉवर असलेल्या इमारती यांच्या व्यवस्थापकांनी हे विशेष ध्यानात घ्यायला हवे, कारण लिजिओनेलाचा धोका पाणी पिण्यापेक्षा त्याचे सूक्ष्म तुषार श्वासातून आत जाण्यात असतो. नेग्लेरियाचा मार्गही पोटाचा नव्हे, तो नाकात शिरलेल्या पाण्याचा आहे. दोन्हींची भीती पिण्याच्या पेल्याशी जोडण्यात अर्थ नाही.

आणि अमिबातील प्रत्येक जीवाणू आपला वैरी आहे, असेही समजू नये. जपानमधील साप्पोरो येथील मातीतून मिळालेल्या एका अ‍ॅकँथअमिबात निओक्लॅमिडिया हा क्लॅमिडिया गटातील जीवाणू कायमचा वस्तीला आहे. त्या अमिबात लिजिओनेला सोडला, तर तो वाढू शकत नाही. प्रतिजैविकांनी निओक्लॅमिडिया काढून टाकला, की तोच अमिबा लिजिओनेलाला बळी पडतो. पाण्याच्या यंत्रणेतील अमिबांत कोणते जीवाणू आधीपासून राहत आहेत, यावर तेथे लिजिओनेला किती फोफावेल हे काही अंशी ठरते, असा याचा अर्थ आहे, आणि पाणीपुरवठ्याच्या तपासणीत या रहिवाशांचीही नोंद व्हावी, या मागणीला त्यामुळेच आधार आहे.